मूल काम करत असताना

दिवाळी आटोपली की शहरांत बालवर्गांच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि गल्लीबोळांतल्या बंगल्यांवर 'मॉन्टेसरी' असे लिहिलेल्या पाट्या नजरेत भरू लागतात. हे नाव कुणाच्या मालकीचे नाही. कोणीही ते वापरू शकतो. पाटी लावण्यासाठी बाईंचे प्रशिक्षण झालेले असावे लागत नाही, की शाळेत साहित्य असावे लागत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकीत मुले सकाळभर आपापल्या कामात गढलेली असतात. दुसरीत त्याच वयाची मुले ओळीने बसून बाईंच्या मागोमाग एबीसीडी घोकत असतात आणि लाकडी साहित्य कपाटात कुलपात असते.

पालक विचारतात, 'कोणती शाळा चांगली?' त्याआधी विचारायला हवे, की या पद्धतीत नेमके घडते काय? ते एकदा समजले की शाळा पारखता येते. गावात अशी शाळा नसली, किंवा तिची फी परवडणारी नसली, तरी यातले पुष्कळसे घरी करता येते. लाकडी ठोकळे महत्त्वाचे आहेतच, पण माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यांत अवघड धडा मोठ्यांसाठी आहे. मूल काम करत असताना स्वतःला आवरायचे कसे, हे त्यांना शिकावे लागते.

डॉ. मारिया मॉन्टेसरी मूळच्या वैद्यकशास्त्राच्या. १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरुवातीची काही वर्षे, समाजाने 'मतिमंद' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की शाळेत जाण्याच्या वयाची न झालेली मुले दिवसभर मोकाट असत आणि इमारतीच्या भिंती-जिने खराब करत. त्यांना कुठेतरी गुंतवून ठेवावे एवढाच इमारतीच्या चालकांचा हेतू होता. बाईंनी मात्र तिथे मुलांचे बारकाईने निरीक्षण केले.

त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग प्रत्येक पालकाला ठाऊक असावा. तीन वर्षांची एक मुलगी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एकेक दट्ट्या. सगळे दट्टे काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. ती हे पुनःपुन्हा करत होती. बाई मोजू लागल्या. मध्येच त्यांनी इतर मुलांना गाणी म्हणायला आणि फिरायला लावले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. मग त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने पेटी मांडीवर ओढली आणि काम चालूच ठेवले. मोजायला लागल्यापासून बेचाळीस वेळा झाल्यावर ती आपणहून थांबली. ती दमलेली नव्हती. छान झोप झाल्यासारखी ताजीतवानी होऊन हसली.

तीन वर्षांच्या मुलाचे लक्ष दोन मिनिटेही टिकत नाही, असे आपण सरसकट म्हणतो. ते टिकते, पण कशावर टिकते ते आपण पाहत नाही आणि टिकू लागले की आपणच मोडतो. 'चल, दूध पी', 'अरे वा, किती छान', 'तो नाही रे, हा इथे' अशी तीन वाक्ये पाच मिनिटांत आपल्या तोंडून जातात आणि मुलाची तंद्री तुटते. दट्ट्यांच्या पेटीतली खुबी अशी, की एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतो, तो कुठेच बसत नाही. चूक साहित्यच दाखवते. 'चुकलं' म्हणायला बाई लागत नाहीत, आणि आईही लागत नाही.

आपल्याकडे ही पद्धत बाईंच्या आधीच पोहोचली होती. त्या १९३९ साली मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. पण भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर १९२० पासून चालू होते आणि ताराबाई मोडकांनी त्यांच्याबरोबर तिथे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. तरीही ताराबाईंना एक गोष्ट डाचत होती. हे महागडे साहित्य आणि टापटिपीची शाळा सुखवस्तू घरांतल्या मुलांपलीकडे जात नव्हती. म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात सामील झाल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार तिथे रुजला. साहित्यही तिथलेच निघाले. बिया, शिंपले, पाने, दगड. मोठा-लहान, जाड-बारीक, खरखरीत-गुळगुळीत हे फरक बोटांना कळायला परदेशी लाकूड लागत नाही, हे या दोघींनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर दाखवून दिले. म्हणून गुलाबी मनोऱ्याचा स्वस्तातला संच मागवण्याची घाई करू नका. मूळ संचात एक ते दहा सेंटिमीटर बाजूचे दहा ठोकळे असतात आणि मापे अचूक असतात म्हणूनच त्याला अर्थ असतो. मापात फसलेला संच शिकवण्याऐवजी गोंधळात टाकतो.

घरी सुरुवात पाण्यापासून करा. मुलाला दोन्ही हातांनी पेलेल असा छोटा तांब्या घ्या, एक फुलपात्र घ्या, दोन्ही एका ताटात ठेवा. तांब्यात पाणी निम्मेच असू द्या. शेजारी हाताएवढे फडके. आधी तुम्ही एकदा करून दाखवा, अगदी हळू, आणि त्या वेळी बोलू नका. आपल्याला हात चालवताना तोंडही चालवायची सवय असते. मग हाताकडे बघावे की तोंडाकडे, ते मुलाला कळत नाही. तांब्या उचलणे, काठाजवळ आणणे, वाकवणे, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबणे, सरळ करून खाली ठेवणे, हे सगळे टप्पे वेगवेगळे दिसले पाहिजेत. मग 'आता तू' म्हणा आणि मागे सरून बसा.

पाणी सांडेल. सांडू द्या. काही न बोलता फडके घेऊन थोडे पाणी टिपून दाखवा आणि फडके त्याच्या हाती द्या. बऱ्याच मुलांना ओतण्यापेक्षा पुसण्यातच जास्त गोडी वाटते, हे तुमच्या लक्षात येईल. ओतून झालेले पाणी मूल पुन्हा तांब्यात घालील आणि पुन्हा ओतील. 'झालं ना एकदा?' असे म्हणू नका. आपण काम संपवण्यासाठी काम करतो. लहान मूल ते करण्यासाठी करते. पुसलेले टेबल ते पुन्हा पुसते, कारण टेबल स्वच्छ झाले असले तरी त्याच्या हाताचे समाधान झालेले नसते.

पाणी जमले की स्वयंपाकघर आहेच. मटार सोलणे, मेथी निवडणे, पुदिन्याची पाने खुडणे, उकडलेल्या बटाट्याची साल काढणे, बोथट सुरीने केळ्याचे काप करणे, कणकेच्या छोट्या गोळ्याची पोळपाटावर वाटेल तशी पोळी लाटणे. ती वाकडी पोळी भाजा आणि त्याच्याच ताटात वाढा. जेवायच्या वेळी प्रत्येकाचे फुलपात्र मांडणे हे तीन वर्षांच्या मुलाचे हक्काचे काम असू द्या. 'चार माणसं, चार फुलपात्रं' हा त्याचा गणिताचा पहिला पाठ असतो. मूल हे खोटे खोटे करत नाही, म्हणून वस्तूही खऱ्या हव्यात. प्लॅस्टिकच्या भातुकलीतल्या सुरीने केळे कापले जात नाही आणि मुलाला ते लगेच कळते.

दोन ठिकाणी मात्र अजिबात ढिलाई नको. वस्तू तोंडात घालायची सवय अजून गेलेली नसेल तर मणी, चिंचोके, राजमा, वाटाणे असे काही त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका. शेंगदाणा तर श्वासनलिकेत अडकून जीवावर बेतू शकतो. आणि पाण्याने भरलेल्या बादलीजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका. मागे सरून बसा म्हणजे खोलीतून निघून जा असे नव्हे. हाताच्या अंतरावर, पण हात न लावता बसायचे आहे.

घरात थोडे बदल करावे लागतील. मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर दप्तर आणि टोपी अडकवायला एक खुंटी ठोका. बेसिनपाशी न डगमगणारे स्टूल ठेवा. छोटी केरसुणी आणून द्या. खेळण्यांचा ढीग टोपलीत ओतून ठेवण्याऐवजी खालच्या एका फळीवर पाच-सहाच वस्तू मांडा, प्रत्येकीची जागा ठरलेली. बाकीच्या वर ठेवा आणि अधूनमधून बदला. वस्तू जिथून घेतली तिथे ठेवायची, हा नियम जागा ठरलेली असली तरच पाळता येतो. ढिगातून काढलेली वस्तू मूल ढिगातच फेकणार, त्यात त्याचा दोष नाही.

कपड्यांची बटणे हा सकाळच्या भांडणाचा नेहमीचा विषय. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना कोणतेच मूल बटण लावायला शिकत नाही. तो सराव संध्याकाळी करून घ्या. वडिलांचा जुना शर्ट पाटावर पसरा, मोठ्या बटणांचा असला तर उत्तम. बटण अर्धे काजात घालून दाखवा आणि पुढचे त्याला ओढू द्या. मॉन्टेसरी वर्गातल्या बटणांच्या, नाड्यांच्या, हुकांच्या लाकडी चौकटी हेच काम करतात.

इथे आजी-आजोबांचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे. चार वर्षांच्या नातवाला गोष्ट सांगत एकेक घास भरवणे हे आजीचे प्रेम आहे. त्यावर 'मॉन्टेसरीत असं चालत नाही' असे सुनावू नका. घरातली मने दुखावून मूल स्वावलंबी होत नाही. आजीला दुसरे काम द्या, तेही मुलासोबतचे. लसूण सोलायला दोघांना एकत्र बसवा. देवपूजेची तयारी, फुले वेगळी करणे, समईची वात वळणे हे आजीपेक्षा चांगले कोणी शिकवू शकत नाही, आणि बोटांना त्याहून चांगला व्यायाम नाही. नातवाच्या बोटांत आलेली सफाई आजीला दिसली की घास भरवणे हळूहळू कमी होते, असा अनुभव अनेक घरांत येतो.

शाबासकीही थोडी हात राखून द्या. प्रत्येक कृतीनंतर टाळ्या वाजल्या की मूल कामाकडे कमी आणि आपल्या चेहऱ्याकडे जास्त पाहू लागते. 'सगळी फुलपात्रं मांडलीस' एवढे म्हटले तरी पुरते. ते पाहिले आहे, हे त्याला कळते.

आता स्वातंत्र्याविषयी. मॉन्टेसरी म्हणजे मुलाला हवे ते करू द्यायचे, हा गैरसमज पालकांमध्ये आहे आणि काही शाळांमध्येही आहे. चांगल्या मॉन्टेसरी वर्गाइतके नियम फार थोड्या ठिकाणी असतील. आपली चटई अंथरल्याशिवाय काम मांडायचे नाही. दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही. दुसरा जे साहित्य वापरतो आहे ते त्याने परत ठेवेपर्यंत थांबायचे. प्रत्येक साहित्य वर्गात बहुधा एकेकच असते, त्यामुळे थांबणे टळत नाही. ठोकळा फेकला तर बाई तो शांतपणे काढून घेतात. या चौकटीत काय करायचे, किती वेळ करायचे, हे मूल ठरवते. घरीही असेच ठेवा. नियम थोडे, पण आई, बाबा, आजी सगळ्यांचे सारखे. आईने नाही म्हटलेले बाबांनी हो म्हटले की मूल नियम शिकत नाही, माणसे ओळखायला शिकते.

अक्षरांची घाई सगळ्यांनाच असते. या पद्धतीत अक्षर आधी कानाने, मग बोटाने आणि त्यानंतर डोळ्याने व पेन्सिलीने येते. म्हणून पाटी-पेन्सिल आणण्याआधी आवाजाचे खेळ खेळा. 'मला इथे 'म'ने सुरू होणारी एक वस्तू दिसते आहे.' मीठ, मणी, मोजा, मका, काहीही चालेल. हा खेळ भाजी चिरताना, एसटीत, दवाखान्यात थांबलेले असताना खेळता येतो आणि त्याला काही खर्च नाही. मुलाला आवाज वेगळा ऐकू येऊ लागला की अक्षर हाती द्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पॉलिश पेपर, त्यातला बारीक दाण्याचा, आणून अक्षरे कापा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. तर्जनी आणि मधले बोट जोडून, लिहिण्याच्या दिशेने, हळू फिरवून दाखवा, आधी अक्षर आणि शेवटी वरची रेघ. आणि त्याच वेळी त्याचा आवाज म्हणा.

एका वेळी दोन किंवा तीनच अक्षरे घ्या, दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून दूर असलेली. 'हा म', 'हा र'. मग 'म दाखव', 'र आजीला नेऊन दे'. हे बराच वेळ, हसत-खेळत. सगळ्यांत शेवटी बोट ठेवून 'हा कोण?' एवढेच. तिसऱ्या टप्प्याला उत्तर आले नाही तर दुरुस्त करू नका. पुठ्ठे उचला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आपल्याकडे वळणाच्या सारखेपणावरून ग, म, भ, न असा क्रम घेतात. हाताला वळण लागण्यासाठी तो चांगला आहे, पण म आणि भ एकाच दिवशी ओळखायला देऊ नका. माझी शिफारस अशी की सुरुवात मुलाच्या स्वतःच्या नावातल्या अक्षरांनी करावी, आणि ती मराठीतून करावी. शाळा इंग्रजी असली तरी ज्या भाषेत मूल स्वप्न पाहते तिचे आवाज त्याच्या कानात आधीच पक्के असतात.

रोमच्या त्या बालगृहात डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी पाच वर्षांचा एक मुलगा गच्चीवर खडूने धुराड्याचे चित्र काढत होता. काढता काढता त्याने जमिनीवर शब्द लिहिले आणि 'मला लिहिता येतं!' म्हणून ओरडला. लिहायला त्याला कोणी बसवले नव्हते. बोटे महिनोन् महिने तयार होत होती, कान तयार होत होते, आणि एके दिवशी ते एकत्र आले.

अंकांसाठी एकच खेळ सांगते. दहा वाट्या ओळीने ठेवा, त्यांच्यापुढे ० ते ९ अंकांच्या चिठ्ठ्या. मुलाला आइस्क्रीमच्या बरोबर पंचेचाळीस काड्या द्या. एकाच्या वाटीत एक, दोनाच्या वाटीत दोन, अशा काड्या मोजून घालायच्या. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस होते. शेवटी काडी उरली किंवा कमी पडली तर कुठेतरी चुकले, हे मुलाला आपोआप कळते. शून्याची वाटी रिकामीच राहते. ती रिकामी का, हा प्रश्न मूल तुम्हाला विचारील. उत्तर द्यायची घाई करू नका.

आता शाळेबद्दल. माहितीपत्रक, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ, वातानुकूलित वर्ग यांवरून काही ठरवू नका. काम चालू असताना वर्गाच्या कोपऱ्यात निदान तासभर गप्प बसण्याची परवानगी मागा. तिथे पुढील गोष्टी पाहा. सगळी मुले एकच गोष्ट करत आहेत की वेगवेगळी? तीन वर्षांची आणि साडेपाच वर्षांची मुले एकाच वर्गात आहेत का? मिश्र वय हा या पद्धतीचा कणा आहे. मोठ्यांना पाहून लहान शिकतात आणि लहानांना दाखवताना मोठ्यांचे पक्के होते. साहित्य उघड्या, बुटक्या फळ्यांवर आहे का, त्यावर वापराच्या खुणा आहेत का? बाई कुठे आहेत? फळ्यापुढे उभ्या असतील तर शंका घ्या. एखाद्या मुलाजवळ खाली बसून हलक्या आवाजात काही दाखवत असतील तर चांगले. सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे काही सांडले, पडले, फुटले तर बाईंचा चेहरा कसा होतो. ती तासाभरात एकदा तरी दिसतेच.

मग प्रश्न विचारा. बाईंचे मॉन्टेसरी प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झाले? सकाळी सलग किती वेळ मुले स्वतः निवडलेले काम करतात? उत्तर अडीच-तीन तासांच्या जवळ हवे. अर्ध्या अर्ध्या तासाला घंटा होऊन विषय बदलत असतील तर ते दुसरे काही आहे, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ असेल किंवा त्याची मुलाखत घेतली जात असेल तर पुढे विचारायची गरज नाही.

एका चुकीबद्दल मी कळकळीने सांगते. पुष्कळ पालक दोन वर्षे मॉन्टेसरीत काढून 'मोठ्या शाळेत जागा मिळते आहे' म्हणून साडेचार-पाचव्या वर्षी मुलाला काढतात. ही तीन वर्षांची रचना आहे. पहिले वर्ष पाहण्याचे असते, दुसरे हात बसण्याचे, आणि वाचन, लेखन, दशमान मोजणी हे सगळे बहुधा तिसऱ्या वर्षी फुलते. त्याच वर्षी मूल वर्गातले मोठे होते आणि धाकट्यांची जबाबदारी घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पहिलीचे वय सहा पूर्ण असे धरले आहे. तेव्हा तिसरे वर्ष सोडायला तसे सबळ कारण उरत नाही. प्रवेश घेतानाच तीन वर्षांचा विचार करा, आणि ते शक्य नसेल तर साध्या, प्रेमळ बाईंच्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत मुलाला घाला आणि संध्याकाळचा तास घरी द्या. तेही चांगलेच.

आणि ज्या शाळेत चालू वर्गात तासभर गप्प बसू देत नाहीत, तिथे कितीही गोड बोलले तरी प्रवेश घेऊ नका.